कॉफी फुगेपर्यंत

मी एक जुनी कॉफीची गाळणी आहे. मित्रांनो, चहाच्या जाळीदार गाळणीशी माझी गल्लत करू नका बरं! मी चिनी मातीची. आत कागद बसवून कपावर ठेवतात ती. भट्टीत माझ्या शेजारणी तडकल्या, मी तेवढी धड निघाले. त्याचा मला फार दिवस तोरा होता.

एका शिंप्याने मला घरी आणले. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाकंजूस. सकाळी तो दाणे दळायचा, माझ्यात पूड घालायचा आणि केटलीतून थोडेसेच पाणी ओतायचा. मग थांबायचा. ओली पूड फुगते, तिच्यावर बुडबुडे येतात. ते शमल्याशिवाय पुढचे पाणी ओतायचे नाही, हा त्याचा दंडक. तेवढा वेळ तो केटली धरून जागचा हलत नसे. त्याची बायको नेमकी तेव्हाच त्याला गाठायची.

"अहो, लेकीला पुढे शिकायचंय. नाही म्हणू नका."

"अहो, भाऊजींशी अबोला पुरे झाला आता."

"कॉफी फुगतेय, बघू दे," तो म्हणायचा.

"तिला फुगू दे. तुम्ही फुगू नका म्हणजे झालं."

आणि तो हसायचा. त्या घरातले सगळे महत्त्वाचे बोलणे असे माझ्या काठाशी झाले. पाहुणे कॉफीची तारीफ करायचे, मला मात्र त्या बोलण्याचाच अभिमान वाटायचा.

म्हातारपणी शिंप्याचे हात कापू लागले. एकदा उकळते पाणी मनगटावर सांडले. मुलगी घाबरली आणि तिने कॉफीचे यंत्र आणले. "बाबा, आता हा खटाटोप नको. बटण दाबा, कप घ्या." तिने मायेनेच आणले, तिला मी बोल लावत नाही. माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. अंगावर धूळ साचली. पण माझे खरे दुःख ते नव्हे.

यंत्र घरघरायचे, कप भरायचा आणि शिंपी तो घेऊन आपल्या खुर्चीकडे चालू पडायचा. एका सकाळी बायको छातीवर हात ठेवून ओट्याशी आली.

"अहो, ऐकता का जरा..."

"नंतर सांग गं. कॉफी निवतेय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिली आणि तशीच परत गेली. मला तोंड असते तर मी फळीवरून ओरडले असते. तिच्या छातीतली गाठ डॉक्टरांनी पाहिली तेव्हा उपाय उरला नव्हता.

ती गेल्यावर शिंप्याने स्वतः मला खाली काढले, धुतले, पुसले. काढताना माझ्या काठाचा टवका उडाला. मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. टवका उडूनही माझे काम चालते. पण घरात कोणी "ऐकता का" म्हणाले, तर हातातला कप तेवढा खाली ठेवा. कॉफी पुन्हा करता येते.

आता तो रोज पहिले पाणी ओततो आणि केटली धरून उभा राहतो. पूड फुगते, शमते, पार खाली बसते. काल मुलगी आली होती. तिला राहवेना.

"बाबा, ओता ना पुढचं पाणी. गार झालं सगळं."

"थांब," तो म्हणाला. "तिला काहीतरी सांगायचंय."