मेपलची खालची फांदी

मेपलची सगळी पानं गळून गेली, तशी थोरल्या जाऊबाईंनी धाकटीला गॅलरीत बोलावून घेतलं. नुसती कुंडी धरायला. धाकटीला नवलच वाटलं. हातभरही उंच नसलेल्या त्या जपानी मेपलच्या बोन्सायला कुणी बोट लावलेलं थोरलीला खपत नसे. मागे धाकटीने सहज एक सूचना केली, तर "या घरात सल्ल्यांची टंचाई नाही," असं ऐकून घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून झाडाच्या बाबतीत तिने तोंडाला कुलूपच घातलं होतं.

खालची डावी फांदी जाडजूड होऊन झाडाचा तोल बिघडवत होती. आज ती काढायची होती. थोरलीने डोळ्यांपेक्षा बोटांनीच फांद्या चाचपल्या, कटर उचलला आणि त्याची पाती थेट शेंड्याच्या खोडाला लावली.

धाकटी चरकली. शेंडा गेला तर इतक्या वर्षांची मेहनत मातीमोल. पण वहिनींच्या मनात झाडाचा नवाच आकार असला तर? बोलावं तर आगाऊपणा, गप्प बसावं तर झाड जाणार. कटरच्या मुठी जवळ येऊ लागल्या.  धाकटीने सरळ आपलं बोट पात्यांमध्ये घातलं.

थोरलीचा हात अडला. तिने आणखी जोर दिला.

"वहिनी, माझं बोट आहे."

कटर खाली पडला. थोरली बोट बघायला वाकली, पण नजर भलतीकडेच लागलेली. तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला.

मग थोरलीने हळूहळू सांगितलं. समोर बघितलं की मधोमध काळा डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. उन्हाळ्यापासून हे असंच. घरात कुणाच्या कानावर घातलं नव्हतं. वय झालं, चालायचंच. आता तूच काप, म्हणून तिने कटर चाचपडत उचलून पुढे केला.

धाकटीने रक्ताळलेलं बोट रुमालात गुंडाळलं, कटर घेतला आणि मांडीवर ठेवून दिला.

"आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायचं कबूल करा. मग कापते."

"झाडाला ओलीस धरतेस होय?"

"धरते."

 थोरली उठायला निघाली, पण कुंडीच्या काठावरचा हात काही तिला काढवेना. शेवटी ती म्हणाली, "संध्याकाळी जाऊ. काप. खोडाला लागून, जरा खोलगट, म्हणजे जखम भरते."

धाकटीने उभ्या जन्मात झाड कापलं नव्हतं.  श्वास रोखून तिने मूठ आवळली आणि फांदी कट्‌दिशी सुटली. थोरलीने खोडावरच्या जखमेवरून अंगठा फिरवला, तिला झाडाचं मलम लावलं. 

डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली इंजेक्शनांनी टिकवता येईल, पण आणखी उशीर केला असता तर तीही हातची गेली असती. थोरलीने नुसती मान डोलावली. जिना उतरताना मात्र धाकटीचा दंड घट्ट धरला आणि खाली पोचल्यावर म्हणाली, "जास्तच आत कापलंस. पुढच्या वेळी मी सांगेन तिथे थांबायचं."