धाकटीची दाढ

माझी धाकटी बहीण शिलाईच्या कारखान्यात कॉलर लावायची. दोरा दातांनी तोडायची तिला सवय. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात एका पांढऱ्या कॉलरला रक्त लागलं, तेव्हा ती माझ्याकडे आली. मी गरोदर बायकांच्या तपासणी केंद्रात नर्स.

"ताई, ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येतं गं."

"येतंच या दिवसांत. बाळंत झालीस की थांबेल." मी मान वर न करताच म्हणाले. पुढची बाई वजनकाट्यावर उभी होती.

आमच्या कार्डावर दातांचा रकानाच नाही. अठरा वर्षांत मी एकाही बाईला तोंड उघडायला सांगितलं नव्हतं.

धाकटीनं ब्रशच सोडला. तसाही तो तोंडात घातला की तिला उलटी यायची. सातव्या महिन्यात दाढ ठणकू लागली. नवरा तिला दातांच्या डॉक्टरकडे न्यायला निघाला, तर सासूबाई आडव्या आल्या.

"पोटुशी बाईच्या दाताला हात लावतात होय रे? बाळाला काही झालं म्हणजे?"

त्यानं मला फोन केला. मलाही नक्की ठाऊक नव्हतं. पण नर्सनं 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं?

"थोडी कळ काढ म्हणावं," मी म्हणाले.

चार दिवसांत गाल इतका सुजला की डोळा मिटला. अंगात फणफणून ताप. रुग्णालयात दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पू काढला आणि आमच्यावर उखडल्या. "गरोदरपणातही दातांवर उपचार होतात. पाचव्या महिन्यातच आणलं असतंत तर?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे.

दुसऱ्या दिवशी पोटात दुखू लागलं. मुलगी झाली, दोन तळहातांत मावेल एवढी. दोन दिवस होती.

"दाढेमुळेच झालं का हो?" मी विचारलं.

"ठाम सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाही, असंही सांगता येत नाही."

आता मी प्रत्येकीला तोंड उघडायला लावते. रांग खोळंबते म्हणून केंद्राच्या मोठ्या बाई माझ्यावर खेकसतात. बायका लाजून हसतात, मी लिहून दिलेली चिठ्ठी पर्समध्ये ठेवतात आणि दातांच्या डॉक्टरकडे जात नाहीत.

धाकटी मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. फोन केला की नवरा उचलतो. "झोपलीय," म्हणतो. भर दुपारी बारा वाजताही.