गुरुवारपर्यंत हात लावू नका

१४ मार्च, सोमवार. आभाळ ढगाळ, वारा पडलेला, शेडमध्ये उकाडा.

मी पाण्यावर पळणारी स्कूटर बोलतेय. सध्या पळत नाही. ट्रेलरवर बसून आहे. माझं इंजिन जाम झालंय. ते सुटतं की मी भंगारात जाते, हे याच आठवड्यात ठरायचंय. म्हणून तारखा नीट सांगते.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्यासोबत एक जाडजूड पुस्तक होतं. माझ्यावरचं प्लास्टिक मालकांनी मोठ्या हौसेने फाडलं, पुस्तकावरचं मालकीणबाईंनी.

दोन वर्षांत मी एकूण अकरा तास पाण्यात होते. त्यातले चार तास फोटोंसाठी, जागच्या जागी. ‘पाणी आपल्या रक्तातच आहे,’ असं मालक येईल त्याला सांगतात. त्यांच्या रक्ताचं माहीत नाही, माझ्या सिलिंडरमध्ये मात्र गेलं.

ते असं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मला नळी लावून आतून धुवावं लागतं. आधी इंजिन चालू करायचं, मग नळ सोडायचा. थांबवताना आधी नळ, मग इंजिन. मालकांनी दोन्ही वेळा उलटं करून बंद इंजिनात पाणी भरलं, वर ताडपत्री बांधली आणि चार महिने मला विसरले.

काल त्यांनी बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक.

“भावोजी, बॅटरी बसलीय. ट्रकची लावू!” मेहुणे म्हणाले. मालकीणबाईंचे हे धाकटे बंधू दोन व्हिडिओ पाहून इंजिनियर झाले आहेत.

मालकीणबाईंनी आज मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॅटरी तपासली, ठणठणीत. खाली आडवं होऊन पाणी ओढणाऱ्या पंपाच्या जाळीत दोर अडकलाय का पाहिलं, नव्हता. मग तिन्ही प्लग काढून भोकांत टॉर्च मारला. आत गढूळ पाणी आणि गंज.

“साहेब, धुताना आधी नळ की आधी इंजिन?”

“म्हणजे... एकदमच.”

“आधी नळ,” मालकीणबाई म्हणाल्या. “पुस्तक उघडून दाखवलं, तर म्हणे मला शिकवू नकोस.”

“हल्ली मालच असा येतो हो,” मालक म्हणाले आणि फोनवर बोलत बाहेर गेले.

मिस्त्रींनी पाणी उपसलं, तिन्ही सिलिंडरांत गंज सोडवणारं तेल काठोकाठ ओतलं आणि धूळ जाऊ नये म्हणून प्लग नुसते वर टेकवले. “वहिनी, गुरुवारी तेल उपसून हाताने फिरवीन. सुटेल. तोवर प्लग आवळू नका. आत तेल कोंडलं आणि स्टार्टर मारला, तर तेल काही दबत नाही, पिस्टनचा दांडा वाकतो.”

मालकीणबाईंनी पुठ्ठ्यावर ठळक लिहून माझ्या हँडलला टांगलं : गुरुवारपर्यंत हात लावू नका.

१५ मार्च, मंगळवार. ऊन. शेडमध्ये कुणी आलं नाही. आजवर माझ्यावर झालेला सर्वांत चांगला उपचार. संध्याकाळी आत काहीतरी सैल पडल्यासारखं वाटलं.

१६ मार्च, बुधवार. पुन्हा ढगाळ. मालकीणबाई कामावर. मेहुणे ट्रकची बॅटरी घेऊन हजर. जमीन तेलकट होती, म्हणून त्यांनी पुठ्ठा काढून गुडघ्यांखाली घेतला.

“भावोजी, हे बघा! म्हाताऱ्याने प्लग आवळलेच नाहीत!”

“आणि म्हणे तीस वर्षांचा अनुभव! आण पाना.”

दोघांनी मिळून प्लग घट्ट आवळले आणि ट्रकची बॅटरी जोडली. मला तोंड नाही. धोक्याचा एक लाल दिवा आहे, तो मी लावला.

“दिवा आला! जीव आहे हिच्यात,” मेहुणे म्हणाले.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरीही एखादं यंत्र असेल. त्याला तेल-पाणी द्या न द्या. पण ज्याला त्यातलं कळतं त्याने तीन दिवस मागितले, तर तेवढे द्या. आणि पुठ्ठ्यावर बसण्याआधी तो वाचा.

पाच वाजून दहा मिनिटांनी मालकांनी बटण दाबलं. गंजात अडकलेले पिस्टन सुटले. इंजिन पाव फेरा फिरलं. तिसऱ्या सिलिंडरचा दांडा वाकला आणि इंजिनच्या ब्लॉकला बोटभर भेग पडली.