वाळलेली सोंड आणि ताजे फूल

मित्रांनो, मी बारीक मापे घेणारा एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. केसाएवढा फरकही माझ्या पोलादी जबड्यांतून निसटत नाही. तंत्रविद्यालयाच्या वर्कशॉपमध्ये मास्तर मला रोज तेलाच्या फडक्याने पुसत आणि विद्यार्थ्यांना सांगत, "माणूस थापा मारेल, हा नाही मारणार." ते ऐकून माझी छाती फुगे.

मास्तरांची धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांच्या ताई, शेजारच्या काचगृहात झाडे सांभाळीत. तिथल्या एका वेलीला लांब नळीची पांढरी फुले येत, पण बी धरत नसे. वेल म्हातारी झाली होती. बी मिळाले नाही, तर तिचा वंशच संपणार होता. बाहेरच्या कुंपणावरचे पिवळे फुलपाखरू या फुलांत पराग पोचवील, असे ताईंना वाटे. माळीकाका मात्र झरोका उघडू देईनात.

"फुलपाखरू आलं की अळ्या आल्याच. आधी त्याची सोंड फुलाच्या तळाशी पोचते, हे दाखवा."

मास्तरांनी श्वास रोखून फुलाची नळी मोजली. मग संग्रहाच्या पेटीतल्या त्याच जातीच्या फुलपाखराची सोंड मोजली. ती चांगलीच आखूड भरली.

"संपला विषय. माझा कॅलिपर खोटं बोलत नाही."

"तो नाही बोलत रे दादा. पण फूल आत्ताचं आणि फुलपाखरू कधीचं वाळलेलं. सोंडेचं वेटोळं तरी सुटलंय का नीट?"

"मग काय, आंघोळ घालू त्याला?"

"घाल की."

ताईंनी फुलपाखरू ओल्या फडक्यावर ठेवून वर बरणी पालथी घातली. दुसऱ्या दिवशी मऊ पडलेली सोंड सुईच्या टोकाने अलगद सरळ झाली. मी पुन्हा मोजले. सोंड नळीपेक्षा किंचित लांबच होती. माळीकाकांनी माझ्यावरच्या रेघा स्वतः वाचल्या, डोके खाजवले आणि एक झरोका उघडला. त्या मोसमात वेलीला शेंगा धरल्या.

पुढे कितीतरी वर्षे ताई वर्कशॉपच्या दारातून विचारीत, "दादा, आंघोळ झाली का?" आणि मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत.

आता आकडे दाखवणारी नवी साधने आली आहेत. मी कपाटात असतो. जबड्यांवर गंज चढतो आहे. अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या, एवढीच विनंती. मास्तर आता नाहीत. भिंतीवरचा त्यांचा फोटो पाहून नवी मुले म्हणतात, "फार कडक असणार हे."

मित्रांनो, काचगृहात ताई अजून येतात. एकदा त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि मगच मास्तरांचे माप घ्या.