मागच्या खोलीतली चटई

"हार्लन कधी आडवा झाला, तर त्याची चटई मागच्या खोलीत पडू देऊ नकोस, डेल्विना. एकदा पडली की ती कुणी उचलत नाही."

मेल्बा मावशींनी मला हे लग्नाच्या आठवड्यात सांगितलं होतं, धक्क्यावर मासे साफ करता करता. त्यांचा नवरा कित्येक वर्षं तसाच पडून होता. मी कॉलेजातून नुकती आलेली, डोक्यात नव्या घराचे पडदे. हसून म्हटलं, "मावशी, आमच्या घराला मागची खोलीच नाही."

सासरच्या घराला होती.

माझा नवरा हार्लन शेवंडी काढायला बुडी मारायचा. उथळ पाण्यातल्या शेवंडी कधीच संपल्या. आता बोटी खोल जागी नांगर टाकतात आणि माणसं हवेच्या टाक्या एकामागून एक पाठीला बांधून उतरतात. घाईनं वर आलं की रक्तात बुडबुडे होतात आणि मज्जारज्जू जखमी होतो. गावात मात्र त्याला एकच नाव आहे: लिवानं धरलं. लिवा म्हणजे आमच्या पाण्यातली आसरा. तिच्या शेवंडी फार नेल्या की ती माणसाचं कंबरेखालचं अंग ठेवून घेते.

एका फेरीत हार्लनचे पायही असेच गेले. बोटीनं त्याला थेट शहरातल्या दवाखान्यात पोचवलं. आमच्या लेकीला, आयलिनला, कडेवर घेऊन मी मागोमाग गेले. तिथं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला समोर बसवलं. "मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नाही. थोडे धागे शाबूत आहेत. मेंदू त्यांच्यातून नवी वाट काढायला शिकू शकतो, पण रोज काम दिलं तरच. किती परत येईल, ते मी सांगणार नाही. पडून राहिला तर काय होईल, ते सांगते."

मला आमची खाडी आठवली. वादळात तिचं तोंड गाळानं बुजलं, तेव्हा होड्या खारफुटीतून शिरल्या. अडकल्या, ओरखडल्या, तरी रोज जात राहिल्या, म्हणून तिथं वाट झाली. जाणं थांबलं असतं, तर खारफुटीनं ती गिळली असती.

गावी परतलो, तर मागच्या खोलीत चटई अंथरलेली. समुद्राकडची खिडकी सासूबाईंनी रडत रडत बंद केलेली. लिवानं धरलेल्याचा पाय जमिनीला लावायचा नाही. लागला तर ती माग काढत येते. त्याला खाऊपिऊ घालायचं, मुळ्यांचं तेल चोळायचं. बायको तरुण असेल तर ती मूल घेऊन माहेरी जाते, तिला कुणी बोल लावत नाही. आमच्याकडे ही दया समजतात.

मी बाळाचा श्वास मोजत जागणारी बाई. घरातली कुठलीही हालचाल माझ्या नजरेतून सुटत नाही. एका सकाळी वाबुल, म्हणजे केळ्याची पेज, खाऊन झाल्यावर आयलिन माखलेल्या हातांनी बापाच्या पायाशी खेळत होती. तिनं तळव्याला ओरबाडलं आणि अंगठा हलला.

असा झटका मेंदूला न विचारताही येतो, हे दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं. मी पोरीला उचललं.

"हार्लन, आता तू हलव."

"गंमत करतेस?"

"हलव म्हणते ना."

त्याच्या कपाळावर घाम आला. काही झालं नाही. "नाही होत गं."

"परत."

"मास्तरीण आहेस का माझी?"

"आहे. परत."

किती वेळ गेला कोण जाणे. मग अंगठा मुंगीएवढा वाकला. "थांब" म्हटल्यावर थांबला. दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या पुटपुटल्या, "लिवा खेळवतेय त्याला."

रविवारी प्रार्थना आटोपून रेंडल काका आले. हार्लनचे सख्खे काका. बोटीसाठी माणसं तेच गोळा करतात. पुढच्या ओसरीवर ऐसपैस बसले. दोन म्हातारे बरोबर, आणि बाहेर अर्धं गाव कान लावून.

"सूनबाई, तू लहान आहेस. माहेरी जा. पोरीचं बघ. याचं आम्ही बघू."

"कसं बघाल, काका?"

"जसं सगळ्यांचं बघतो."

"म्हणजे दार ओढून घ्याल."

"कॉलेजात मोठ्यांशी बोलायला शिकवत नाहीत वाटतं. लिवाशी कुणी भांडलंय का?"

"भांडण लिवाशी नाही. त्याच्या मनगटावर पाण्याची खोली दाखवणारं यंत्र नव्हतं, ते का, एवढंच विचारते. लिवानं धरलं म्हटलं की बोटीला कुणी काही विचारत नाही. म्हणून तुम्हाला ती एवढी प्रिय आहे."

काका लाल झाले. तेवढ्यात आतून हार्लनचा आवाज आला.

"काका, मी लिवाला एवढा हवा होतो, तर तिनं मला खालीच ठेवलं असतं. वर पाठवलं ते मागच्या खोलीत झोपायला नव्हे. आई, मला पुढच्या दारानं बाहेर ने."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मी चटईचं एक टोक धरलं, एकटीनं ओढू लागले. मग दुसरं टोक हलकं झालं. सासूबाईंनी धरलं होतं.

घरापुढे, रस्त्यावरून सगळ्यांना दिसतील असे, धरून चालायला दोन आडवे वासे मी आदल्याच दिवशी खांबांना बांधून ठेवले होते. हार्लनला पायरीवर बसवलं. सासूबाई खाली बसल्या, मुलाचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि वाळूवर टेकवला.

"येऊ दे तिला," त्या म्हणाल्या. "मी आहे इथं."

आम्ही दोघींनी त्याला काखेत धरून उभं केलं. गुडघे लटपटले, तो कोसळला, आम्हीही त्याच्यावर.

"परत," तो म्हणाला.

त्या दुपारी मी मेल्बा मावशींकडे गेले. त्यांच्या मागच्या खोलीचं दार उघडलं. त्यांच्या नवऱ्याच्या पायावर हात ठेवून विचारलं, "काका, काही कळतं?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "उजव्या पायाला चादर कळते. पहिल्यापासून कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, पोरी."

मावशी दाराला टेकून खाली बसल्या.

हार्लन किती चालेल, मला ठाऊक नाही. मावशींच्या नवऱ्याचे स्नायू इतक्या वर्षांत वाळून गेलेत. तरी त्यांच्या घरापुढेही आम्ही वासे बांधतोय. तुमच्याकडे लिवा नसेल. भोग म्हणत असतील, नशीब म्हणत असतील. पण दार ओढून घेतलेली एखादी खोली तुमच्या गल्लीत, नात्यात असेलच. आज तिथं जा. खिडकी उघडा, पायाला हात लावा आणि काय कळतं ते विचारा. उत्तर येईपर्यंत उठू नका.