महिनाअखेरपर्यंत हजर

"दुरुस्त करायचा न्हाई," भगवानराव म्हणाले. "नुसतं लिहून द्यायचं. तुझ्या दुकानाच्या कागदावर, शिक्का मारून. कॉम्प्युटर गेला, त्यातली माहिती गेली, परत येत न्हाई. बस."

मुंजाजीने पिशवी टेबलावर ठेवली. भगवानराव हे बोरदऱ्याच्या दूध सोसायटीचे चेअरमन. त्या वर्षीच्या दुष्काळात सोसायटीच्या नावावर चारा छावणी निघाली होती, तिचेही कर्तेसवरते तेच. मुंजाजीबद्दल त्यांना एवढीच खबर होती, की चौसाळ्याच्या स्टँडसमोर कॉम्प्युटर दुरुस्तीचे दुकान टाकलेला हा एक माणूस आहे. तो कुणाचा, कुठल्या वस्तीवरचा, हे विचारायची त्यांना गरज वाटली नव्हती. अशा माणसांना ती कधीच वाटत नाही.

"तीन वाजता तपासणीचं पथक येणार. त्यांच्या म्होरं कागद धरायचा अन् मोकळं व्हायचं. दिवाळीला सोसायटी सहा कॉम्प्युटर घेणार हाय, ते तुझ्याकडूनच घेऊ."

"लिहून देतो की, साहेब," मुंजाजी अदबीने म्हणाला. "पण आधी बघावं लागंल. उद्या दुसऱ्या कुणी चालू करून दाखवला, तर माझा शिक्का मलाच नडंल."

"बघ, बघ. बंकट, ह्याला चहा सांग." भगवानराव छावणीकडे निघून गेले. पथकाला दाखवायला शेजारच्या गावांतून जनावरे मागवली होती, ती वेळेत पोचवायची होती.

मुंजाजीने स्टूल ओढले. दोन महिने तो या माणसाच्या समोर यायची वाट बघत होता.

मार्चमध्ये त्याचा बाप हरिबा आपल्या भुरी म्हशीला घेऊन दोन कोस चालत या छावणीच्या फाटकाशी आला होता. मेंढरे केव्हाच विकली होती. एकटी भुरी राहिली होती. फाटकावर तिच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर उतरवून घेतला, रेशनकार्डाची झेरॉक्स घेतली, फोटो काढला आणि सांगितले, उद्या या. हरिबा तीन दिवस फाटकाशीच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी भगवानराव स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "माळावरच्या लोकासाठी न्हाई ही छावणी. तुमची ढोरं काट्याकुट्यावर बी जगत्यात." परत जाताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात भुरी बसली, ती उठलीच नाही.

हरिबा त्यावर पुन्हा एक शब्द बोलला नाही. बापाने गिळलेले सगळे शब्द मुंजाजीच्या डोक्यात मात्र रोज फिरत राहिले. छावणीतल्या चाऱ्याच्या गंजीला काडी लावावी, असे त्याने शंभरदा मनात आणले. पण तो चारा खाणाऱ्या जनावरांनी काय घोडे मारले होते? आणि काडेपेटीपेक्षा त्याच्या हाताला पेचकस बरा बसायचा. त्यामुळे सूड तसाच राहिला. सकाळी सोसायटीचा फोन आला, तेव्हा त्याने अर्ध्या मिनिटात शटर खाली ओढले होते.

त्याने बटण दाबले. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरे उमटली. अमुक फाईल सापडत नाही किंवा खराब झाली आहे, म्हणून विंडोज सुरू होऊ शकत नाही. मुंजाजीने ते दोनदा वाचले आणि सोसायटीचा सेक्रेटरी बंकट याच्याकडे वळून पाहिले. बंकट रुमालाने मान पुसत होता.

"सेक्रेटरी, हे आपोआप झालेलं न्हाई."

"मग?"

"कुणीतरी आतल्या फायली हातानं उडवल्यात. कॉम्प्युटर ज्यांच्यावर चालतो, त्याच."

बंकट दाराकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "तू आपलाच माणूस हाईस म्हणून सांगतो. साहेब म्हणले, बंद पाड, पण आपोआप बंद पडल्यावानी दिसलं पाहिजे. नुसती यादी उडवली तर शंका येईल. मग मी विंडोज नावाचं फोल्डर उघडलं अन् दिसंल ते काढून टाकलं. म्हणलं, मुळावरच घाव घातला की सगळंच गेलं."

मुंजाजीला हसू आले ते त्याने खोकल्यात दडवले. विंडोजच्या फायली गेल्या म्हणजे सोसायटीची यादीही गेली, असा या शहाण्याचा हिशेब होता. इंजिन खोलून ठेवले म्हणजे ट्रॉलीतला ऊस नाहीसा होतो काय? यादी डिस्कवर जिथल्या तिथे सुखरूप पडली असणार. फक्त तिच्यापर्यंत जायचा रस्ता उखडला होता, आणि तो रस्ता बांधून देणे हा मुंजाजीचा रोजचा धंदा होता.

पिशवीतून त्याने विंडोजची मूळ सीडी काढली. सीडीवरून मशीन उठवले, दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर गेला, आणि गहाळ झालेली फाईल सीडीवरून काढून तिच्या जागी बसवली. मशीन पुन्हा चालू केले, तर ते दुसऱ्याच फाईलचे नाव घेऊन रडू लागले. ती बसवली, तर तिसरीचे. मुंजाजी एकेकीला तिच्या जागेवर आणून बसवत गेला. असे निगुतीने काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकाचे केले नव्हते.

"काय करालास बे इतका येळ?" बंकटने विचारले.

"मढं तपासालोय. नीट बघितल्याबिगर दाखला कसा देऊ?"

दीडच्या सुमारास वीज गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आला आणि इन्व्हर्टरचा दिवा लगेच लाल झाला. मुंजाजीने उठून पंखा बंद केला. मेच्या त्या उकाड्यात सेक्रेटरी घामाघूम होऊन बसला आणि मुंजाजीला ते फार आवडले.

पाचव्या फाईलनंतर पडद्यावर रंग आले. मग सीडी आत ठेवूनच त्याने सगळ्या सिस्टिम फायली पडताळायला लावल्या, म्हणजे अजून काही फुटके-तुटके असेल तर मशीन स्वतःच सीडीवरून बदलून घेईल. पाऊण तास पडताळणीची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बंकट खुर्चीतच पेंगला. पट्टी संपल्यावर मुंजाजीने छावणीची यादी उघडली. दोन हजारांवर जनावरे होती. खोटी किती, ते पथक बघून घेईल. त्याला एकच नाव शोधायचे होते. बापाला फाटकातून परत लावला, याचा काही कागद मिळतो का, ते बघायचे होते.

नाव मिळाले. हरिबा सिदू, म्हैस एक, बिल्ल्याचा नंबर, आणि समोर लिहिले होते, हजर.

एकोणीस मार्च, हजर. त्याच संध्याकाळी भुरी ओढ्यात बसली होती. वीस मार्च, हजर. हिरवा चारा पंधरा किलो, पाणी साठ लिटर. एकवीस मार्च, हजर. एप्रिल सगळा हजर. मुंजाजी खाली खाली येत राहिला. त्या दिवशी एकवीस मे होता. यादी मात्र एकतीस मेपर्यंत भरलेली होती. जे दिवस अजून उगवायचे होते, त्या दिवशीही भुरी पंधरा किलो चारा खाणार होती.

त्याने बंकटला हलवून उठवले. "ही पुढची धा दिवसाची हजेरी कशी?"

अर्धवट झोपेत बंकट म्हणाला, "साहेब म्हणले, रोज रोज कशाला भरतूस, महिनाअखेरपर्यंत एकदाच भरून टाक." मग त्याला पडद्यावरचे रंग दिसले आणि त्याची झोप उडाली. "चालू केलास? बंद कर, मुंजाजी, हात जोडतो. माझी नोकरी जाईल."

"हा हरिबा माझा बाप हाय," मुंजाजी म्हणाला.

बंकटने जोडलेले हात खाली घेतले. मुंजाजीने पिशवीतून दुकानाचा कागद काढला, दोन-तीन ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. बाहेर जीप थांबल्याचा आवाज झाला.

पथकाच्या प्रमुख एक तरुण नायब तहसीलदार बाई होत्या. त्यांच्या मागोमाग भगवानराव आत आले ते बोलतच. "काय सांगू मॅडम, कालपसून कॉम्प्युटर बंद हाय. यादी गेली सगळी. हा मेकॅनिक, चौसाळ्याचा. लेखी देतोय. दे बे, कागद दे."

मुंजाजीने कागद दिला. छापील नाव होते, शिक्का होता, खाली सही होती. बाईंनी तो मोठ्याने वाचला. "जाणूनबुजून काढलेल्या सिस्टिम फायली पुन्हा बसवल्या. संगणक चालू आहे. छावणीची संपूर्ण यादी, दिनांक एकतीस मेपर्यंत, जशीच्या तशी सुरक्षित आहे." त्या थांबल्या. "एकतीस मे? आज तर एकवीस आहे."

"बसा, मॅडम," मुंजाजीने त्यांना स्टूल दिले. "सगळं दिसतंय."

भगवानरावांनी पडद्याकडे पाहिले. मग मुंजाजीच्या कानाशी येऊन म्हणाले, "कुणाचा बे तू?"

"काट्याकुट्यावर जगणाऱ्यांचा," मुंजाजी म्हणाला. हे वाक्य त्याने दोन महिने तोंडात धरून ठेवले होते. ते बाहेर पडले तेव्हा त्याला थंडगार पाणी प्यायल्यासारखे वाटले.

यादी खोटी आहे हे पक्के करायचे तर म्हशीच्या मालकाचा जबाब हवा होता, म्हणून त्याच दुपारी जीप माळावरच्या वस्तीवर गेली. भगवानरावांनाही बरोबर घेतले होते. मुंजाजी मुद्दाम त्यांच्या समोरच्या सीटवर बसला. आपल्या बापाच्या तोंडून सगळे निघेल तेव्हा या माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्याला अगदी जवळून बघायचे होते.

हरिबा लिंबाखाली बाजेवर बसला होता. बाईंनी त्याला समजेल असे सगळे सांगितले. तो मान खाली घालून ऐकत होता.

"म्हंजी कागदावर ती आत हाय?" त्याने विचारले.

"हो, बाबा."

"रोज काय देत्यात तिला?"

"पंधरा किलो हिरवा चारा. साठ लिटर पाणी."

"हिरवा," हरिबा म्हणाला. "अन् कवर हाय ती तिथं?"

"महिनाअखेरपर्यंत लिहून ठेवलंय. ते खोटं आहे, म्हणून तर आम्ही नाव काढायला आलोय. तुम्ही फक्त सांगा, तुमच्या म्हशीला छावणीत घेतलं होतं का?"

"न्हाई घेतलं. तीन दिवस फाटकाशी हुतो. तिसऱ्या दिवशी परत लावलं. ह्यांनीच." त्याने भगवानरावांकडे न बघता सांगितले. बाई लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी शाईचे पॅड पुढे केले. हरिबाने अंगठा पॅडवर टेकवला आणि तसाच ठेवला.

"बाईसाहेब, आजचा दिस राहू द्या," तो म्हणाला. "उद्यापसून काढा. आज ऊन लई हाय."

बाईंनी पेनाला टोपण लावले. हरिबाने कागदावर अंगठा उठवला, जोर देऊन, नीट. मुंजाजी बापाशेजारी बाजेवर बसला आणि सदऱ्याच्या टोकाने त्याच्या अंगठ्याची शाई पुसू लागला. ती लवकर निघेना.

जीप चालू झाल्याचे त्याला ऐकू आले. धूळ खाली बसली तेव्हा त्याच्या लक्षात आले, की एवढ्या वेळात त्याने भगवानरावांकडे एकदाही पाहिले नव्हते.