एकशे नऊची वेस

मनुष्याची खरी पारख त्याच्या वाणीने होत नाही, ती त्याच्या धीराने होते. शेअर दलालाच्या त्या तिसऱ्या मजल्यावरील कचेरीत मापाड्याची अशीच पारख व्हावयाची होती. भाजीच्या घाऊक बाजारात पंधरा वर्षे काटा धरून बसलेल्या या गृहस्थास त्याच्या थोरल्या बहिणीने नवऱ्याच्या मागे लकडा लावून येथे सौदे करण्याच्या खुर्चीवर आणून बसविले होते. तो नवरा, म्हणजेच त्याचे भावोजी, त्या कचेरीत वरिष्ठ होते, आणि हे उपकार दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवीत.

शिक्षकांचा निवृत्तिनिधी सांभाळणाऱ्या बाईंनी अट घातली होती. पंप बनविणाऱ्या कारखान्याचे दोन लाख शेअर आजच्या आज घ्यावेत. खरेदीची सरासरी दिवसाच्या व्हीवॅपपेक्षा, म्हणजे मालाच्या वजनाने काढलेल्या बाजाराच्या सरासरी भावापेक्षा, खाली राहिली, तर वर्षभराचे सारे काम याच कचेरीला. वर गेली, तर रामराम.

"आणि तुलाही रामराम," भावोजी म्हणाले. "ताईला सांगेन, पाठव आपल्या भावाला परत काट्यावर."

सकाळी बाजार उघडताच कुठल्याशा अफवेने भाव एकशे बारावर गेला. "घे, घे! सुटला तर हात चोळत बसशील!" भावोजी ओरडले.

"माल किती गेलाय ते बघा ना, भावोजी. एवढ्यात तर एक टोपली भरायची नाही."

मापाड्या थांबला. तासाभरात भाव एकशे पाचवर उतरला आणि तेथे खऱ्या अर्थाने बाजार भरला. शेअर हजारांनी हात बदलू लागले. त्या गर्दीत, कुणाच्या डोळ्यांवर न येता, थोडे थोडे करीत मापाड्याने दीड लाख शेअर उचलले.

दुपारी मात्र भाव पुन्हा चढू लागला. एकशे सहा, एकशे सात, एकशे आठ.

"आता तरी घे, शहाण्या!" भावोजींनी कागदावर आकडे मांडले. "वरचा भाव एकशे बारा, खालचा एकशे पाच. मधला झाला एकशे साडेआठ. एकशे आठ म्हणजे स्वस्तच की!"

"दहा जुड्या बाराला गेल्या आणि हजार जुड्या पाचला, तर बाजार साडेआठला गेला म्हणाल? वजन कुठे पडलं ते बघायचं. व्हीवॅप बघतो ते हेच. प्रत्येक भावाला तिथे गेलेल्या मालाने गुणायचं आणि बेरजेला एकूण मालाने भागायचं. आत्ता तो एकशे सहा आहे."

"मग घेणार कधी? पुढच्या जन्मी?"

"उरलेले पन्नास हजार एकशे नऊला घेतले तर आपली सरासरी बरोबर एकशे सहा होते. एकशे नऊ ही आपली वेस. तिथवर मी हलत नाही. वर माल शंभर-दोनशेच जातोय. घेणाऱ्यांत दम नाही."

बोलणे धीराचे होते, परंतु दर क्षणाला डोळे त्याच भावावर जात होते, हे नमूद केले पाहिजे. अंदाज म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हे तोही जाणून होता. भाव एकशे आठवरच थरथरत राहिला. भावोजी दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे राहिले. आणि तेवढ्यात कुणी मोठ्या विकणाऱ्याने बाजारात मालाचा बांधच फोडला! एकशे सहा, एकशे तीन, एकशे एक. मापाड्याने एकशे एकवर उरलेले पन्नास हजार एका दमात उचलले.

बाजार बंद झाला. खरेदीची सरासरी एकशे चार. दिवसाचा व्हीवॅप, अखेरच्या त्या लोंढ्याने खाली ओढलेला, एकशे पाच.

कचेरीचे मालक, जे सहसा कुणासाठी उठत नसत, ते उठून आले. "एकशे आठला घेतले असते तर?"

"एकशे पावणेसहा पडले असते," मापाड्याने उत्तर दिले. "हरलो असतो."

मालकांनी भावोजींच्या कागदाकडे पाहिले आणि सभ्यपणे त्याची घडी घालून तो त्यांच्या हाती दिला. बाईंचा फोन आला. वर्षाचे काम पक्के झाले, आणि ते याच गृहस्थाने पाहावे असा त्यांचा आग्रह होता.

मग भावोजींनी स्वतःहून घरी फोन लावला.

"अगं, तुझ्या भावाने बाजी मारली! हो, त्यानेच... नाही गं, माझं कुठे काय चुकलं? माणूस मीच निवडला होता ना!"

मापाड्या एवढा मोकळा हसला की शेजारच्या टेबलावरचे सारेच हसू लागले, आणि मग भावोजींनाही हसल्यावाचून गत्यंतर उरले नाही.